हॉलमधला उजेड आणि हवेतला चेंडू

नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ उघडा आणि त्यातल्या 'आनेफो' या संग्रहात शिरा. आनेफो ही १९४५मध्ये सुरू झालेली डच वृत्तछायाचित्रसंस्था. १९८९पर्यंत ती चालली. हॅरी पॉट, योस्ट एव्हर्स, रॉब क्रूस अशा छायाचित्रकारांनी तिच्यासाठी काम केलं. तिची लाखो छायाचित्रं हेगमध्ये जपलेली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी कुणालाही फुकट पाहता येतात. तिथे पन्नास-साठच्या दशकांतले छपराखालचे खेळ शोधा. ज्यूदो, कॉर्फबॉल, व्हॉलीबॉल, काहीही चालेल. दहा-वीस फोटो नजरेखालून घातलेत की एक गोष्ट खटकू लागेल. खेळाडू लख्ख दिसतात, पण त्यांच्या मागे बऱ्याचदा गडद काळोख असतो. सामना भरगच्च हॉलमध्ये झालेला असतो, पण फोटोत जणू कुणीच नाही.

मग प्रेक्षक गेले कुठे? या प्रश्नाचं उत्तर खेळाच्या इतिहासात नाही, उजेडाच्या इतिहासात आहे. आणि तो इतिहास आपण राहतो त्या देशाशी फार जवळून जोडलेला आहे, कारण उजेड विकून मोठी झालेली एक कंपनी इथल्याच आइंडहोवनची.

आधी थोडं गणित करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फोटो काढायला तीन गोष्टी हाताशी असतात. भिंगाचं तोंड किती उघडं ठेवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि फिल्म किंवा सेन्सर किती संवेदनशील घ्यायचा. समजा तुमच्या गावच्या स्पोर्टहालमध्ये ५०० लक्स उजेड आहे. बसून वाचायला तो उत्तम. महागडं एफ/२.८चं भिंग पूर्ण उघडलं आणि संवेदनशीलता १०० ठेवली, तर नीट उजळ फोटोसाठी शटर सुमारे १/२५ सेकंद उघडं ठेवावं लागतं. सेकंदाला सहा मीटर वेगाने पळणारी खेळाडू तेवढ्या वेळात २४ सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे फोटोत तिच्या जागी एक धुरकट पट्टा उरतो. संवेदनशीलता ४०० केली तर १/१०० सेकंद मिळतो, तरी पट्टा सहा सेंटिमीटरचा राहतोच. तिला गोठवायचं तर १/८०० तरी हवं, आणि त्यासाठी संवेदनशीलता ३२०० लागते. गेल्या शतकातल्या बहुतेक फिल्म याच्या जवळपासही पोचत नव्हत्या.

बॅडमिंटनचा हिशोब तर आणखी कठीण. २०२३मध्ये आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने चाचणीत मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. त्या वेगाने फूल सेकंदाच्या हजाराव्या भागात साधारण १६ सेंटिमीटर जातं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळपास दुप्पट. तुमच्या मोबाइलमध्ये शनिवारच्या बॅडमिंटनचे जे फोटो आहेत त्यांत फूल का सापडत नाही, ते आता लक्षात येईल.

या अडचणीतून सुटायच्या वाटा तीनच. आपला उजेड आपण घेऊन जायचं, आहे त्या उजेडात भागेल अशी भिंगं-फिल्म बनवायची, किंवा हॉलचाच उजेड बदलायचा. नेदरलँड्समध्ये या तिन्ही वाटा चोखाळल्या गेल्या आणि प्रत्येक वाटेने खेळाचं वेगळं चित्र मागे ठेवलं.

पहिली वाट स्वतःच्या उजेडाची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॅग्नेशियमची पूड पेटवून झगझगीत प्रकाश पाडायची पद्धत रूढ झाली. भडका, धूर, उडणारी राख आणि आगीची भीती. माणसांना ओळीत बसवून फोटो काढायला हे ठीक होतं. पण १९३२पासून ॲमस्टरडॅमच्या राय सभागृहात सायकलींच्या सहा दिवसांच्या शर्यती होऊ लागल्या, तशा जागी लाकडी ट्रॅकवर भरधाव येणाऱ्या सायकलस्वारांच्या तोंडावर असा धूर सोडणं म्हणजे अपघाताला आमंत्रणच. १९२९च्या सुमारास जर्मनीत काचेच्या बंद बल्बमध्ये ऑक्सिजन भरून त्यात धातूचा पातळ पत्रा पेटवायची युक्ती बाजारात आली. धूर बल्बच्या आतच राहिला. आइंडहोवनच्या फिलिप्सने तिसाच्या दशकात 'फोटोफ्लक्स' नावाने आपला फ्लॅशबल्ब काढला. त्यात पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची बारीक तार होती.

आता प्रेक्षकांच्या गायब होण्याकडे येऊ. बल्बचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. खेळाडू तीन मीटरवर आणि प्रेक्षक पंधरा मीटरवर असतील, तर प्रेक्षकांवर खेळाडूच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकाच उजेड पडतो. फिल्मच्या दृष्टीने तो काळोखच. हजारो माणसं आरडाओरडा करत असली तरी कागदावर ती उमटत नाहीत. जुन्या फोटोंमधला निर्मनुष्य काळोख असा तयार झाला. त्या सामन्याला लोक आले नव्हते असं त्यावरून कुणी म्हटलं तर ते साफ चुकीचं ठरेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा पुरावा वाचायला शिकावं लागतं.

बल्बची दुसरी अट पैशाची होती. एक बल्ब म्हणजे एकच फोटो. खिशात डझनभर बल्ब असतील तर सामन्यात डझनभरच संधी. जळलेला गरम बल्ब काढायचा, नवा बसवायचा, आणि तेवढ्या वेळात गोल झालेला असायचा. शिवाय बल्ब पेटवल्या पेटवल्या पूर्ण उजळत नाही, त्याला काही सहस्रांश सेकंद लागतात. त्यामुळे शटर नेमकं त्याच्या ऐन भरात उघडावं लागे. साहजिकच छायाचित्रकार सामना सुरू होण्याआधीचं हस्तांदोलन, संपल्यावरचा चषक आणि मधला एखादा हमखास क्षण यांवर बल्ब खर्च करत. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या खेळाडूंचे फोटो आठवून पाहा. रॅकेट छातीशी धरलेली, शेजारी चषक, चेहरा कॅमेऱ्याकडे. हा त्या पिढीचा स्वभाव होता असं आपण समजतो. त्यात बल्बच्या किमतीचाही वाटा होता.

दुसरी वाट आहे त्या उजेडात काम करण्याची. तिच्याबद्दल बोलताना एरिख सालोमन यांचं नाव घ्यावंच लागतं. बर्लिनचा हा ज्यू कायदेपंडित चाळिशी उलटल्यावर छायाचित्रकार झाला. १९२०च्या दशकाच्या मध्यात ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने 'एर्मानॉक्स' हा छोटा कॅमेरा काढला होता. त्याचं भिंग त्या काळाच्या मानाने अफाट मोठ्या तोंडाचं, एफ/२ आणि नंतर एफ/१.८चं होतं. काचेच्या छोट्या पट्ट्या वापरून सालोमन दिव्यांच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, परिषदांचे आणि न्यायालयांचे फोटो काढत. १९३०च्या जानेवारीत हेगमधल्या परिषदेत मध्यरात्र उलटून गेल्यावर पेंगुळलेल्या मंत्र्यांचा त्यांनी काढलेला फोटो जगभर गाजला.

सालोमन खेळांचे छायाचित्रकार नव्हते. तरी ते इथे हवेत, कारण मंद उजेडात हलत्या माणसाचा फोटो कसा काढायचा याची गुरुकिल्ली त्यांनी दाखवली. भाषण करणारा माणूसही सतत हलत असतो. पण शब्द संपल्यावर, हात वर नेल्यावर, उत्तर ऐकताना तो निमिषभर स्थिर होतो. सालोमन त्या निमिषाची वाट पाहत. हिटलर सत्तेवर आल्यावर ते पत्नीच्या देशात, नेदरलँड्समध्ये, आले आणि हेगमध्ये राहिले. पण जर्मन सैन्य इथेही पोचलं. ७ जुलै १९४४ रोजी आउशवित्झमध्ये त्यांचा खून झाला. पन्नाशी-साठीतल्या वृत्तछायाचित्रकारांनी हातातल्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न वापरता माणसांचे खरेखुरे फोटो काढले, तेव्हा ते या माणसाने पाडलेल्या पायवाटेवरून चालत होते.

निमिषभर थांबण्याची ही युक्ती हॉलमधल्या खेळांना लागू करून पाहा. कॉर्फबॉल हा अस्सल डच खेळ. ॲमस्टरडॅमचे शिक्षक निको ब्रुकहाउझेन यांनी तो १९०२मध्ये सुरू केला. एका संघात चार बायका आणि चार पुरुष, आणि साडेतीन मीटर उंचीवर टांगलेली टोपली. खेळ मुळात मोकळ्या मैदानावरचा. पावसाळी डच हिवाळ्यामुळे तो छपराखाली आला. हॉलमध्ये त्याचा फोटो काढणं म्हणजे कॅमेरा वर धरणं, आणि वर नेमके दिवे. चेहरे काळवंडतात, मागचे दिवे डोळ्यांत जातात. पण या खेळात एक सोय आहे. उडी मारलेली खेळाडू सर्वांत उंच बिंदूवर पोचते तेव्हा तिचा वर जाण्याचा वेग शून्य होतो. त्या बिंदूच्या आजूबाजूच्या १/६० सेकंदात तिचं शरीर उभ्या दिशेने अर्धा मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. पळताना त्याच १/६० सेकंदात ती दहा सेंटिमीटर गेली असती. म्हणून जुन्या फोटोंमध्ये खेळाडू सतत हवेत दिसतात. छायाचित्रकाराला उडीचं वेड होतं असं नाही, उडीच्या शिखरावरच त्याला फोटो मिळत होता.

डच ज्यूदोपटू आंतोन खेसिंक यांची सर्वांत प्रसिद्ध छबीही याच कारणाने लक्षात घेण्याजोगी आहे. २३ ऑक्टोबर १९६४, टोकियोचं बुदोकान. उट्रेख्टच्या खेसिंकनी जपानच्या अकिओ कामिनागांना जमिनीवर जखडून ठेवलं आणि ज्यूदोच्या माहेरी जाऊन ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. आनंदाने बेभान झालेले डच चाहते मॅटकडे धावले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला धरूनच खेसिंकनी हात वर करून त्यांना थांबवलं. अत्यंत वेगवान खेळातला हा जवळजवळ निश्चल क्षण. विजयापेक्षा त्या हाताची आठवण डच लोक जास्त काढतात, कारण त्यात प्रतिस्पर्ध्याचा मान दिसतो. त्यांनी फेकलेल्या असंख्य माणसांचं उडणं मात्र डोळ्यांपुढे तसं येत नाही.

साठच्या दशकात फिल्म सुधारली. कोडॅकची ट्राय-एक्स ही फिल्म १९५४पासून ३५ मिलिमीटरमध्ये मिळू लागली. तिची संवेदनशीलता ४०० असली तरी अंधाऱ्या खोलीत जास्त वेळ विकसकात ठेवून ती १६००सारखी वापरता येई. एफ/२चं भिंग जोडलं की ५०० लक्समध्ये १/८०० सेकंद हाती लागे. त्याची किंमत दाणेदार, भडक काळ्या-पांढऱ्या चित्राने मोजावी लागे. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर ते खपून जाई. काळोखातले प्रेक्षकही याच काळात हळूहळू दिसू लागले, कारण आता उजेड कॅमेऱ्यापाशी नव्हता, सगळ्या हॉलभर सारखा होता.

पण हॉलचा उजेडही साधा नव्हता. तुम्हाला ठाऊक असेल, डच माणूस ट्यूबलाइटला 'टीएल' म्हणतो. फिलिप्सचं हे नाव इथे सगळ्याच ट्यूबना चिकटलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात वाढलेल्यांना कळव्याचा फिलिप्सचा दिव्यांचा कारखाना आठवत असेल, म्हणजे आइंडहोवनचा हा उजेड आपल्याकडेही घरोघरी पोचला होता. जुन्या चोकवरची ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर १/१००० सेकंदाचं असेल तर कॅमेऱ्याला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळट. मोठ्या हॉलमध्ये शेजारशेजारचे दिवे विजेच्या तीन वेगवेगळ्या फेजांवर जोडतात, म्हणजे एक मंदावला की दुसरा तेज असतो. छायाचित्रकारासाठी हॉलचा वायरमन असा अदृश्य साथीदार असतो.

तिसरी वाट, म्हणजे हॉलच बदलण्याची, पाहायला फ्रीसलंडमध्ये हेरेनफेनला जायला हवं. तिथलं थियाल्फ हे स्केटिंगचं मैदान १९६७मध्ये उघड्यावर सुरू झालं आणि १९८६मध्ये त्याच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर छप्पर आलं. वारा गेला, बर्फवृष्टी गेली, आणि दिवसाचा उजेडही गेला. स्केटरला जे सोयीचं झालं ते छायाचित्रकाराच्या मुळावर आलं. ५०० मीटर ३५ सेकंदांच्या आत कापणारा स्केटर सेकंदाला १४ मीटरपेक्षा जास्त वेगाने जातो. पण इथे पांढरा बर्फ मदतीला येतो. दिव्यांचा उजेड तो खालून परत फेकतो आणि झुकलेल्या स्केटरचा चेहरा उजळतो. कॉर्फबॉलच्या लाकडी फरशीवर ते भाग्य नाही. स्केटर वळणावर ठरलेल्या रेषेतून येतो, म्हणून त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत हळू शटरने फोटो घेता येतो. मग मागचं जग रेघांमध्ये विरघळतं आणि स्केटर तेवढा स्पष्ट उरतो. असा फोटो वेग लपवत नाही, दाखवतो.

छपराखालच्या मोठ्या मैदानांना उजेड मिळाला तो मुख्यतः टेलिव्हिजनमुळे. रंगीत प्रक्षेपणाला भरपूर आणि सगळीकडून सारखा प्रकाश लागतो. १९७१मध्ये उघडलेलं रोटरडॅमचं अहॉय घ्या. जिथे टेनिसपटू आणि कॉर्फबॉलचे अंतिम सामने येतात, तिथे दिवेही येतात. उरलेल्यांचं काय? ईएन १२१९३ हे युरोपीय मानक छपराखालच्या चेंडूच्या खेळांसाठी वरच्या स्पर्धांना ७५० लक्स, मधल्यांना ५०० आणि सराव-शाळांना २०० लक्स सांगतं. म्हणजे मानकातच पायऱ्या आहेत. २०० लक्समध्ये आपलं आधीचं गणित पुन्हा मांडा. एफ/२.८ आणि ४०० संवेदनशीलतेची फिल्म असेल तर शटर १/४०. शाळेतल्या मुली, गावचा क्लब, रात्री दहाला हॉल मिळणारे स्थलांतरित कामगार, यांचा खेळ या २०० लक्समध्ये झाला. अभिलेखागारात त्यांचे फोटो कमी असण्याला संपादकांची आवडनिवड कारणीभूत आहेच, पण उजेडाची ही वर्गवारीही आहे.

आपल्याकडे पाहिलं तर हेच दिसतं. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्यात इंग्रजी लष्करी अधिकाऱ्यांनी बांधले, खेळाला 'पूना' असंही म्हणत. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६मध्ये क्वालालंपूरला जिंकले आणि आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांच्या मनगटाबद्दल, नेटजवळच्या नजाकतीबद्दल आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं असतं. डोळ्यांपुढे मात्र रॅकेट घेऊन उभे असलेले नाटेकर येतात. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मागची भिंत मुद्दाम गडद ठेवतात, कारण खेळाडूला पांढरं फूल दिसायला हवं. फ्लॅश चालत नाही, कारण डोळे दिपले तर गुण जातो. खेळाडूच्या भल्याचं सगळं छायाचित्रकाराच्या विरोधात. त्यामुळे त्या पिढीची नजाकत चित्रांपेक्षा शब्दांतच जास्त उरली.

हे चित्र खऱ्या अर्थाने बदललं २००७मध्ये. निकॉनच्या डी३ कॅमेऱ्यात संवेदनशीलता ६४००पर्यंत सहज आणि ओढूनताणून २५६००पर्यंत जाऊ लागली. ज्या हॉलमध्ये चाळीस वर्षं फक्त उडीचं शिखर मिळत होतं, तिथे आता पळणं, घसरणं, पडणंही मिळू लागलं. २०१४मध्ये कॅननच्या सेव्हन-डी मार्क टू कॅमेऱ्याने दिव्यांची लुकलुक ओळखून ऐन तेजाच्या क्षणी शटर उघडायची सोय दिली. मग एलईडी आले. ते मंद करण्यासाठी काही ठिकाणी क्षणाक्षणाला बंद-चालू केले जातात आणि त्यामुळे फोटोवर आडवे पट्टे पडतात. २०२३मध्ये सोनीने संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचणारा ए९-थ्री जाहीर केला, त्यामुळे त्या वाचण्यातून पडणारे पट्टे टळले. एक अडचण संपते तोवर दिवे बदलतात आणि नवी अडचण उभी राहते.

आता सगळं सोपं झालं असं वाटेल. पण मला, इतिहासाच्या माणसाला, आजच्या फोटोंची वेगळी काळजी वाटते. अंधाऱ्या हॉलमध्ये काढलेला फोटो मोबाइल आणि संगणकावरची साधनं आपोआप 'स्वच्छ' करतात. दाणे पुसताना ती जर्सीची वीण, बोटांची ठेवण, प्रेक्षकांचे चेहरे अंदाजाने भरतात. फ्लॅशबल्बने प्रेक्षक काळोखात घालवले होते, पण निदान तिथे काळोख आहे हे दिसत होतं. नवं साधन नसलेला चेहरा तयार करून ठेवतं आणि तो खरा वाटतो. पन्नास वर्षांनी कुणी ते फोटो पाहील तेव्हा त्यातलं काय कॅमेऱ्याने पाहिलं आणि काय साधनाने रचलं, हे ठरवायला त्याच्याकडे काहीच नसेल.

म्हणून एक विनंती. ॲमस्टलफेन, आइंडहोवन, हेग, जिथे कुठे तुम्ही शनिवार-रविवारी हॉल घेऊन खेळता, तिथले फोटो स्वच्छ करण्याआधीची मूळ फाइल वेगळी ठेवा. तिच्यासोबत हॉलचं नाव, तारीख आणि खेळाडूंची संमती असेल तर त्यांची नावं लिहा. आनेफोचे फोटो आज उपयोगी पडतात ते त्यांच्या मथळ्यांमुळेही: कोण, कुठे, कोणत्या दिवशी. एखादा धुरकट पट्टा टाकून देऊ नका. तो किती लांब आहे आणि शटर किती होतं एवढं कळलं, तर ती मुलगी त्या संध्याकाळी किती वेगाने पळत होती हे कुणालाही काढता येईल.